आईची वाकळ, सरांचा पक्षी

निपाणीजवळची वाडी
ता. २० ऑगस्ट १९८३

रवळूआण्णा,

तुजं पत्र पोचलं. तंबाखूच्या वखारीतनं येताना ह्येनी घेऊन आले. आदी त्या पक्ष्याचं सांगते, न्हायतर तू खालचं काय वाचणारच न्हाईस, मला म्हाईत हाय.

हाय तो. तळ्याच्या वरल्या अंगाला डोंगरावरनं गवत उतरतंय, माणूस बुडंल एवढं उंच, तितं असतोय. रंगानं मातीगत. बघण्यासारखं काय बी न्हाय, पर शेपटी अशी रुंद की दुसऱ्या कुणाची आणून लावल्यागत दिसती. भुरभुर पाऊस असला की गवतातनं वर चढतोय, चिर्र चिर्र वरडतोय, आन शेपटी पसरून दगड टाकल्यागत खाली येतोय. मग हुडकून सापडत न्हाय. हितं त्याला कुणी नाव बी ठेवलेलं न्हाय. मी आपली शेपटीवाला म्हणते. तू पंचमीच्या पत्रात इचारलंस तवा मला वाटलं, बेळगावात एवढं शिकून ह्यो चिमण्या मोजतोय व्हय?

आता माजं ऐक. आमची दोन शेरडं मेली. तळ्याचं पाणी पिऊन आली, दावणीला बांधली, पाय झाडाय लागली. अंग थरथर, तोंडाला फेस. सांज व्हायच्या आत दोनी गेली. सासूबाई म्हणाल्या नजर लागली. मला वाटतंय वाकळ.

तुला ही वाकळ ठावं न्हाय. आपल्याकडं असलं काय नव्हतं. हितल्या तळ्यात तळाला एक काळं-हिरवं अंथरूण हाय. शेवाळ म्हणावं तर शेवाळागत सुटं न्हाय, गोधडी शिवल्यागत एकाला एक चिकटलेलं, जाड. ऊन तापलं की बुडबुडं धरून तुकडंच्या तुकडं वर येत्यात, तरंगत्यात. वास येतोय वल्या मातीचा, पर कुजल्यागत बी. हितली माणसं त्याला आईची वाकळ म्हणत्यात. तळ्यावरच्या देवीआईची. ती थंडीत पांघरती म्हणं. येरवी तिला हात लावायचा न्हाय. औंदा पाऊस मधी दडी मारून बसला, ऊन पडलं, तर ती श्रावणातच वर आलीया.

तू कॉलेजात हाईस. कुणाला तरी इचार आन सांग ती काय हाय. नागू रांगाय लागलीया. मिळंल ते तोंडात घालती. पैलं टिकलं न्हाय हे तुला सांगाय नको. मला भ्या वाटतंय आण्णा.

तुजी,
अक्काताई

*

अनगोळ, बेळगाव
ता. २६ ऑगस्ट १९८३

चि. सौ. अक्काताई हिला रवळूचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांना वाचून दाखवलं. शेपटीचं वाचलं तसे सर खुर्चीतून उठले. अगं, तुला कळलंय का तू काय बघितलंस ते? हा पक्षी साऱ्या जगात फक्त आपल्या घाटाच्या उंच गवतात राहतो. बेळगावच्या बाजूला पूर्वी कुणी साहेबानं बघितल्याचं पुस्तकात आहे, त्यानंतर कुणाला दिसल्याचं सरांच्या ऐकण्यात नाही. गवत कापलं, जाळलं, चारलं की त्याचं घर गेलं. तो दुसरीकडं जात नाही, त्याला जाताच येत नाही. असले किती उरलेत ते सांगता येत नाही. आणि तू त्याला शेपटीवाला म्हणतेस! सर हसले. म्हणाले, "रवळू, तुझी बहीण आमच्यापेक्षा नशीबवान आहे."

सर लेख लिहिणार आहेत. त्यात माझं नाव घालतो म्हणालेत. माझी नोकरी तात्पुरती आहे हे तुला ठाऊक आहे. नाव छापून आलं तर पुढच्या जूनला कायम व्हायला आधार होईल. आप्पांना अजून सांगू नकोस.

तुझ्या वाकळीचं विचारलं. ते निळं-हिरवं शेवाळ. खरं तर ते झाडपाल्यातलंही नाही आणि जनावरातलंही नाही, असं वनस्पतीवाले म्हणतात. डोळ्याला दिसणार नाहीत असे धागे एकमेकांत गुंतून त्यांची चटई होते. पृथ्वीवर पहिलं जे काही जगलं त्यातलं ते आहे. आपण श्वास घेतो ती हवासुद्धा पहिल्यांदा त्यानं केली. आता बघ, त्याच तळ्यावर एक जीव असा की ज्याचं गवत काढलं तर संपला, आणि दुसरा असा की जो डोंगर झाले तेव्हापासून आहे आणि आपण सगळे गेल्यावरही राहील. म्हणून एकाची काळजी करायची, दुसऱ्याची नाही. त्याला तू भिऊ नकोस. शेरडांनी ज्वारीची कोवळी किराळ खाल्ली असेल. त्यानं असंच होतं, आपल्या शिंगी शेळीचं झालेलं आठव.

एक काम कर. त्या गवतात त्याचं पीस पडलेलं मिळालं तर पाठव. आणि कुणाला गवत कापू देऊ नको. सर फॉरेस्टवाल्यांशी बोलणार आहेत.

तुझा,
रवळू

*

निपाणीजवळची वाडी
ता. ६ सप्टेंबर १९८३

रवळूआण्णा,

बेळगाव गाडीच्या कंडक्टरजवळ पिशवी दिलीया. पुडीत पीस हाय, शेपटीचं. बाटलीत वाकळीचा तुकडा हाय, तळ्याच्या पाण्यात घालून बूच मारलंय. दोनी बी बघ. पीस बघशील ह्याची मला काळजी न्हाय.

ज्वारी आमच्यात औंदा पेरलेलीच न्हाय रं. तंबाखू हाय. किराळ कुठली खातील?

हवा तिनं केली असंल तर केली असंल. शेरडं बी तिनंच मारली. काल शेजारच्या मालूची कालवड गेली. मालू म्हंजे संकेश्वरची, माज्याच वयाची. तिचा शामू आन आमची नागू एकाच महिन्यातली. आमी दोघी तळ्यावर धुणं धुवाय जातो. मालू कपडं आपटत्या, मी पोरं धरून बसते, मग मी आपटते, ती धरती. नागूचं दुपटं मी त्या पाण्यात धुतलं तर तिच्या मांड्यांवर पुरळ आलं, पाण्यानं भरल्यागत. आता मी आडाचं पाणी वडून घरीच धुते. सासूबाई म्हणत्यात, "राणीसाब आल्यात बेळगावच्या."

मी लई येळ बसून बघितलंय आण्णा, त्या दोघांला. तुजा पक्षी सारखा कुणाला तरी भितोय. म्हस आली, गप. माणूस आलं, गप. मी खोकले, गप. माज्यागतच हाय. वाकळीला डोळं न्हाईत, तोंड न्हाय, ती कुणाला भिणार? तुकडा तोडला तर तुकडा बी जगतोय आन राहिलेली बी जगती. पक्षी वरडून सांगतोय मी हितं हाय. ही काय बोलतच न्हाय. मला वरडणाऱ्याचं कायच भ्या वाटत न्हाय.

फॉरेस्टचा गार्ड आलता. गवताला तार बांधून पाटी लावून गेला. पाटी कानडीत. मालूनं वाचली तवा कळलं, की दसरा होस्तोवर गवत कापायचं न्हाय, आत पाय बी ठेवायचा न्हाय. बायका खवळल्यात. कशापाय ते तुला सांगते.

घट बसायच्या आदी आपण वाकळा-गोधड्या धुतो का न्हाय? हितं त्या दिवशी आदी आईची वाकळ धुत्यात. म्हंजे वरल्या अंगाचं गवत कापून वाट करायची, बायांनी कमरंइतक्या पाण्यात उतरायचं, दाताळ्यांनी ती सगळी वाकळ बाहीर वडायची आन कापलेल्या जागंवर पसरून वाळवायची. वाळली की जाळायची. मग तळं असं सवच्छ दिसतंय की तळाचा खडा मोजावा. मग घरच्या वाकळा धुवायच्या. आन त्या वरसात जन्मलेली पोरं त्या पाण्यात तीनदा बुडवायची, तीन घोट पाजायचं. तसं केल्याबिगर पोराला घटापुढं न्हेत न्हाईत.

आता गवतात पाय ठेवायचा न्हाय म्हंजे वाकळ निघणार न्हाय. बांधाकडनं खोल हाय, तितनं कुणाला उतरता येत न्हाय. वाकळ तशीच ऱ्हाणार आन सासूबाई म्हणत्यात पोरं तरी बुडवायचीच, बांधाच्या पायरीवर.

तुज्या सरांला सांग. एक गाडीवाट जाईल एवढंच गवत कापू द्या म्हणावं. बाकीचं सगळं तुज्या पक्ष्याला.

अक्काताई

*

अनगोळ
ता. १३ सप्टेंबर १९८३

चि. सौ. अक्काताईस आशीर्वाद.

पीस त्याचंच! सरांनी भिंगाखाली धरलं, पट्टीनं मोजलं, काचेच्या दोन पट्ट्यांत बसवलं. खाली गावाचं नाव घातलंय. प्राचार्य येऊन बघून गेले.

बाटली वनस्पतीवाल्यांकडे दिली आहे. ते बघतील.

गाडीवाटेचं मी सरांना विचारलं. सर म्हणाले, नेमकं तिथंच घरटं आहे, बुडख्याला, वितभर उंचीवर, गवताच्याच काड्यांचं. बाजूचं गवत गेलं की ते उघडं पडतं. कावळा नाही तर मुंगूस. नाही तर आईच टाकून जाते. तू स्वतः आई आहेस, तुला हे सांगायला नको. अंडी आहेत की पिल्लं अजून कळलं नाही. दसऱ्यापर्यंत उडतील. मग काय कापायचं ते कापा.

एका वर्षानं काय बिघडतं गं? तुझ्या सासूबाईंना, पारूबाईंना समजावून सांग. देवी काही एवढी रागीट नसते. आणि पाणी उकळून घे म्हणजे झालं.

मी येऊन जाईन म्हणतोय, पण सध्या कॉलेजातून पाय निघत नाही.

रवळू

*

निपाणीजवळची वाडी
ता. २४ सप्टेंबर १९८३

आण्णा,

पाय निघत न्हाय म्हणतोस. मालूनं तुला बघितलं.

एकदा न्हवं. तीनदा. जीपमधनं. मागच्या बाजूनं डोंगरावर चढलासा, गळ्यात दुर्बीण, डोसक्याला टोपी. मालू शेणी आणाय गेल्ती, म्हणाली, "अक्काताई, तुजा भाऊ गवतात पालथा पडून काय बघतोय गं?" मी म्हणलं माजा भाऊ नसंल. ती म्हणाली, "नाक तुजंच हाय की." तिथनं आमचं कौल दिसतंय रं. नागू साल भरत आली, तिचं तोंड तू बघितलं न्हाईस. पक्ष्याची अंडी बघाय तीनदा आलास. मी ह्येनला काय बोलले न्हाय. मालूला म्हणलं, कुणाला सांगू नको.

घरटं गाडीवाटंतच हाय हे सरांला कसं कळलं, हे मला तवाच कळाय पायजे व्हतं.

सासूबाईंला समजावून सांग म्हणतोस. ऐक कसं समजावलं ते. मी म्हणलं, औंदा बुडवाय नको, पुढल्या साली बुडवू.

त्या म्हणाल्या, "पैलं न बुडवताच गेलं. ते इसरलीस?"

म्हणलं, "पाणी चांगलं न्हाय आत्या. शेरडं मेली."

"पाणी आईचं हाय. चांगलं न्हाय म्हणणारी तू कोण? तुज्या भावानं तिची वाकळ अडीवली, आता तू तिचं पाणी अडीव. दोघं भाऊ-बहीण मिळून हिला उपाशीच मारा."

ह्येनला म्हणलं तर ह्येनी म्हणाले, "बायकांच्यातलं मला काय इचारू नको." वखारीतनं आलेला माणूस, डोळं लाल, तंबाखूनं खोकतोय. मी तरी किती बोलू?

त्या बाटलीत काय निघालं तेवढं सांग. माजं कोण ऐकत न्हाय. पर तू शिकल्याला हाईस, कॉलेजानं सांगितलं की पाणी वाईट हाय तर सगळी ऐकतील. गेल्या सालापासनंच्या पाच पोरांला बुडवायचं हाय. दिवस ठरलाय, येत्या मंगळवारचा पुढला मंगळवार. त्याच्या आदी लिव. काय बी कर पर लिव.

अक्काताई

*

अनगोळ
ता. २९ सप्टेंबर १९८३

प्रिय अक्का,

रागावू नकोस. जीप सरांच्या मित्राची होती, लगेच परत द्यायची होती. बरोबर माणसं होती. एकट्याला उतरून घरी कसं यायचं? नागूला फ्रॉक घेऊन ठेवलाय.

बाटली तपासली. पाण्यात काही दोष नाही. शेवाळ साधंच आहे, निरुपद्रवी. तुझ्या मनात भीती बसली आहे, पहिल्या वेळचं दुःख आहे, मला समजतं. पण प्रत्येक गोष्टीत मरण बघू नकोस. पारूबाईंच्या मनासारखं होऊ दे. बुडवून घे आणि मोकळी हो. घरात भांडण नको.

पिल्लं आहेत. दोन. सरांनी फोटो काढला.

तुझा,
रवळू

*

निपाणी, दवाखान्यातनं
ता. ९ ऑक्टोबर १९८३

रवळूआण्णा,

हे पत्र नर्सबाईकडनं कागद मागून लिवते.

तुजं पत्र आलं तवा मला लई बरं वाटलं. खरं सांगते. रडले. मला वाटलं मीच येडी, उगंच भित्ये. मंगळवारी सगळ्या बायका बांधावर जमल्या. मालू माज्यासारखीच भितीवती, शामूला पदराखाली घेऊन मागं उभी. म्हणाली, "तू बुडवलीस तर मी बुडवीन." तिला कानडी येतंय, मराठी वाचता येत न्हाय. मग मीच पायरीवर उभं ऱ्हाऊन तुजं पत्र सगळ्यांला वाचून दावलं. पाण्यात काही दोष नाही. दोनदा वाचलं. सासूबाई पैल्यांदा माज्याकडं बघून हासल्या. म्हणाल्या, "शिकल्याली माणसं घरात असावीत."

वाकळ पायरीपतोर आलीवती. हातानं बाजूला सारून बुडवलं. हातानं सारली की ती फाटती आन पाणी हिरवं व्हतंय. त्यातलंच तीन घोट पाजलं. शामू दणकट, त्यानं मालूची मूठ धरून आणखी पिलं, सगळ्या हासल्या.

सांजंला पोरं वकाय लागली. पाची बी. अंगावर फोड आलं. तिघं दोन दिसांनी सावरली. नागू आन शामू न्हाय. नागूचं डोळं हळदीगत झाल्यात, पोट फुगलंय, दूध घेत न्हाय. शामू शेजारच्या खाटंवर हाय. रडत बी न्हाय आता. मालू त्याच्या तळव्याला नखानं खाजवती, पाय हालवतोय का बघती.

डॉक्टरांनी इचारलं काय खाल्लं, काय पिलं. मी तळ्याचं सांगितलं. तुज्या कॉलेजानं पाणी तपासलंय ते बी सांगितलं. ते म्हणाले, "कुणी तपासलं? त्यांना नेमकं काय दिसलं, कुठली जात होती? ते कळलं तर मला उपयोग होईल. लगेच विचारा." मी म्हणलं माजा भाऊ हाय तितं, तो सांगंल.

तवा लगीच सांग. तार कर. ज्यानं बाटली बघितली त्या माणसाला काय दिसलं ते त्याच्याच शब्दात लिव, मला कळाय नको, डॉक्टरला कळू दे. थांबू नको आण्णा. पोरगी हातातनं चाललीया.

अक्काताई

*

अनगोळ
ता. १४ ऑक्टोबर १९८३

अक्का,

तार करायला दोनदा पोस्टात गेलो आणि परत आलो. तारेत काय लिहू ते कळेना.

बाटली कुणी तपासली नाही.

मी ती आमच्या खोलीच्या खिडकीत ठेवली होती. उद्या देऊ, परवा देऊ. पिसाची गडबड चालली होती. उन्हानं आतली वाकळ फुगली, बूच उडालं, वास सुटला. झाडूवाल्यानं ती ओतून टाकली आणि बाटली धुऊन परत ठेवली. तू पाठवल्यापासून आठवड्याच्या आतली ही गोष्ट. मी बघितलं आणि गप्प बसलो. मग तू विचारलंस. मला वाटलं, आपण लहानपणी कसल्या कसल्या डबक्यात पोहलो, काय झालं? पाणी वाईट आहे म्हणून लिहिलं असतं तर बायकांनी वाकळ काढायला कुंपणाची तार तोडून गवत कापलं असतं, आणि पिल्लांना आठच दिवस हवे होते. म्हणून दोष नाही असं लिहिलं.

तुझं पत्र आल्यावर वनस्पतीवाल्यांकडे गेलो. त्यांनी विचारलं, नमुना कुठं आहे? ते म्हणाले, यातल्या काही जाती विषारी असतात, जनावरं मरतात, काळजावर, म्हणजे यकृतावर, मार बसतो. फाटली की विष पाण्यात उतरतं. कुठली ते बघितल्याशिवाय सांगता येत नाही. हे डॉक्टरांना सांग. काळजावरचा मार, एवढं सांग. मी हे आधी विचारलं असतं तर आधीच कळलं असतं.

पिल्लं उडाली. दोन्ही. हे तुला का सांगतोय मला माहीत नाही. काहीतरी वाचलं असं तुला कळावं म्हणून असेल.

मी यायला निघालो होतो. तुझ्या दारात कसा उभा राहू? नागू कशी आहे तेवढं लिही, दोन ओळी लिही.

आणि अक्का, हे पत्र वाचून फाडून टाक. कुणाला दाखवू नकोस. सरांचा लेख छापायला गेलाय, माझं नाव आहे त्यात. हे बाहेर आलं तर कॉलेजात मला उभं करणार नाहीत. आप्पांना सहन होणार नाही. तुझ्या पाया पडतो.

रवळू

*

निपाणीजवळची वाडी
ता. २८ ऑक्टोबर १९८३

रवळूआण्णा,

नागू हाय. डोळं अजून पिवळं हाईत. दूध घेती, थोडं ठेवती, थोडं टाकती. डॉक्टर म्हणाले जगंल, पर काळीज नाजूक ऱ्हाईल. किती नाजूक ते मोठी झाल्यावर कळंल.

शामू गेला. तुजं पत्र हितं घरी येऊन पडलंवतं, त्याच दिशी दवाखान्यात गेला. मालूनं त्याला पदरात घेऊन यष्टीत माज्याशेजारी बसून आणलं. कंडक्टर म्हणाला, "बाळ झोपलंय का?" ती म्हणाली, "व्हय." सगळ्या वाटंनं मी नागूला तिच्याकडनं दुसऱ्या अंगाला धरलं. तिला दिसू नये म्हणून. तिला दिसतच व्हतं.

तुजं पत्र मी वाचलं. चुलीत घालाय घेतलं व्हतं. तू पाया पडतो म्हणलास. आईनं तुला शिकवाय मला चौथीतनं काडली, ते मी कदी मनात धरलं न्हाय. घरातला एक तरी शिकू दे म्हणलं. म्हणून चुलीत घालाय घेतलं.

ते का घातलं न्हाय ते सांगते.

दसरा झाल्यावर गार्डानं तार सोडली. काल बायका वाकळ वडाय गेल्या. मी बी गेले. गवत कापलं, वाट केली, पाण्यात उतरलो. मालू बी आली दाताळं घेऊन. तिला बघितलं तशी एकजण पाण्यातनं बाहीर निघाली. मग दुसरी. सासूबाई बांधावरनं म्हणाल्या, "मालू, तू उतरू नको."

मालू म्हणाली, "का?"

"का म्हंजे? पाणी चांगलं व्हतं. कॉलेजानं तपासलंवतं. अक्काताईनं वाचून दावलं, तूच ऐकलंस. मग पोरांला का झालं? पाण्यात दोष न्हवता तर दोष बाईत. त्या दिशी तू शिवंची असशील, कावळा शिवलेली. लपवून आलीस. आईला बाटवलीस."

मालू म्हणाली, "न्हवते वो आत्या. आईशप्पत न्हवते."

"मग तुजंच का गेलं? चौघांची वाचली, तुजंच का गेलं?"

मालू दाताळं धरून तशीच पाण्यात उभी. तिचं दूध अजून येतंय आण्णा, चोळी भिजलीवती. तिच्या दादल्यानं दोन दिस तिला घरात घेतली न्हाय, गोठ्यात निजली, हे मला तितं कळलं. संकेश्वरला धाडून देतो म्हणतोय. माज्या शेजारी ऱ्हाती आन मला ठावं न्हाय. मी तिच्याकडं जातच न्हवते. पोरगी घिऊन कशी जाऊ म्हणून.

मी पाण्यातनं वर आले. घरी गेले, तुजं पत्र आणलं. सासूबाईंनी वळखलं, ह्यात भावाचं काय तरी वंगाळ हाय. माजा दंड धरला. हळू आवाजात म्हणाल्या, "येडे, भाऊ हाय तुजा. म्हायार तुटंल. उद्या नागूचं काय झालं तर कुणाच्या दारात जाशील?"

मी त्यांना लई भिते. तुला म्हाईत हाय. सगळ्यांलाच भिते. पक्ष्यागत. त्येनी बोलल्या ते खोटं बी न्हाय. तरी दंड सोडवून घेतला. जितं ते पत्र वाचलंवतं त्याच पायरीवर उभी ऱ्हायले आन हे पत्र वाचाय लागले. बाटली कुणी तपासली नाही. खिडकीत ठेवली. झाडूवाल्यानं ओतली. मी बघितलं आणि गप्प बसलो. पिल्लांना आठच दिवस हवे होते. सगळं वाचलं. तुजं नाव बी वाचलं. पाया पडतो ते बी वाचलं. काय सोडलं न्हाय.

सासूबाई खाली बसल्या. दाताळ्यावरची वाकळ पाण्यात परत गळून पडली.

मालू पाण्यातनं चालत आली. पायरीखाली येऊन उभी ऱ्हायली. वर माज्याकडं बघितलं न्हाय, कागदाकडं बघितलं. म्हणाली, "पुन्यांदा वाच."

मी पुन्यांदा वाचलं.

अक्काताई